किर्गिझस्तानला निघालेल्यांचे प्रश्न: थंडी, कोरडी हवा आणि धूर

मागच्या अंकात मध्य आशियातल्या डोंगराळ देशांच्या हवामानावर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर प्रश्न आले आणि त्यातले बहुतेक किर्गिझस्तानबद्दलच. साहजिक आहे, आपल्याकडची कितीतरी मुलंमुली बिश्केक आणि ओशला एमबीबीएसला जातात, आता फिरायला जाणारेही वाढलेत. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून ज्यांचं उत्तर अनेकांच्या उपयोगाचं आहे ती घेतलीत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळींत, त्यात कुणाचा प्रश्न कमी महत्त्वाचा असं अजिबात नाही.

प्रश्न (खारघर, एक आई): बाई, नमस्कार. माझी मुलगी या सप्टेंबरात बिश्केकला एमबीबीएसला जातेय. एजंट म्हणतो एकदम छान हवामान आहे, आणि मी मोबाईलवर जानेवारीचं बघितलं तर सगळे उणे आकडे. हिला इथे डिसेंबरात पहाटे जरा वारा सुटला तरी स्वेटर लागतो. किती ब्लँकेटं देऊ? की सरळ नकोच म्हणू?

उत्तर: ताई, थंडीच्या भीतीने तरी नको म्हणू नका. बिश्केक साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानएवढ्याच, त्यामुळे लेह-लडाख डोळ्यासमोर आणून घाबरायचं कारण नाही. जानेवारीत दिवसा पारा ३ अंशांच्या आसपास असतो, रात्री उणे ६-७ वर उतरतो. एखाद्या वर्षी उत्तरेकडून थंडीची लाट आली की उणे २० च्या खालीही जातो पण ते काही दिवसांचं असतं, अख्खा हिवाळा तसा नसतो. नारिनला मात्र वेगळं, ते गाव २००० मीटरच्या वर आहे आणि तिथे जानेवारीची सरासरीच उणे १५ च्या जवळ असते. म्हणून कुणी 'किर्गिझस्तानात अमुक इतकी थंडी' असं सांगितलं की आधी विचारायचं कुठल्या गावाची आणि किती उंचीवरची.

आता खरी गोष्ट. तिकडे घराबाहेर थंडी असते, घरात नसते. शहरातल्या इमारतींना गरम पाण्याचे पाईप फिरवलेले असतात, भिंतीला लोखंडी रेडिएटर असतो आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो चालू राहतो, मुलं खोलीत टी-शर्टवर बसून अभ्यास करतात. त्यामुळे ब्लँकेटांनी बॅग भरू नका, एक पातळ पुरे. इथून थर्मल द्या, चांगले लोकरीचे मोजे द्या, एक फ्लीसचं जॅकेट द्या. जाड कोट आणि बर्फात न घसरणारे बूट मात्र तिकडेच घ्यायला सांगा, दोर्दोय बाजार म्हणून अवाढव्य बाजार आहे बिश्केकला, तिथे त्यांच्या थंडीला साजेसं मिळतं, आपल्याकडच्या दुकानातले बूट ट्रेकला ठीक आहेत पण सकाळच्या गोठलेल्या फुटपाथवर त्यांचे तळवे धरत नाहीत. आणि हिवाळ्यात बर्फावर घसरून पडलं की मनगट मोडू शकतं, हे तिला नीट बजावून सांगा.

मला थंडीपेक्षा जास्त काळजी कोरडेपणाची वाटते, कारण त्याबद्दल कुणी सांगतच नाही. आपल्याकडे जुलैत एक घनमीटर हवेत २२-२३ ग्रॅम वाफ असते, म्हणून तर टॉवेल वाळत नाही आणि मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. उणे १० च्या हवेत काहीही केलं तरी २.५ ग्रॅमच्या वर वाफ मावतच नाही. तीच हवा खिडकीच्या फटीतून खोलीत येते, रेडिएटरने तापून २२ अंश होते आणि वाफ मात्र तेवढीच राहते. आर्द्रता मग १०-१२ टक्क्यांवर येते, इथल्या उन्हाळ्यातसुद्धा आपण इतकं कोरडं कधी अनुभवत नाही. ओठ फाटतात, टाचा फाटतात, सकाळी नाक शिंकरलं की रक्ताचा ठिपका दिसतो आणि पोरगी घाबरून रात्री फोन करते. दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. घाबरायचं काही नसतं. रात्री झोपताना ओला टॉवेल पिळून रेडिएटरवर टाकायचा, नाकात आतून थोडं तूप किंवा व्हॅसलीन लावायचं, अंघोळीनंतर लगेच अंगाला खोबरेल लावायचं, आणि पाणी घोटघोट पीत राहायचं कारण घाम दिसत नाही म्हणून तहान लागलेली कळतच नाही. नाकातून रक्त वारंवार आणि जास्त यायला लागलं तर मात्र डॉक्टरकडे जायचं.

अजून एक, सप्टेंबरात ती उतरेल तेव्हा दुपारी चांगलंच ऊन असेल, २५-२७ अंश, आणि ती तुम्हाला म्हणेल 'आई, उगाच घाबरवलंस'. त्याच दिवशी रात्री १०-१२ अंश असेल. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसरात्रीत पाच-सहा अंशांचाही फरक नसतो आणि तिकडे पंधरा अंश म्हणजे रोजचंच, कारण हवेत वाफ नाही, ढग नाहीत, सूर्य मावळला की जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. संध्याकाळी बाहेर पडताना पाठीवरच्या बॅगेत जॅकेट हवंच.

प्रश्न (घणसोली, नववीतली विद्यार्थिनी): बाई, पुस्तकात आहे की हिमालय मान्सूनला अडवतो म्हणून पलीकडचा भाग कोरडा. मग किर्गिझस्तानात एवढा बर्फ येतो कुठून? आणि देश कोरडा असताना तिथे हिमनद्या कशा?

उत्तर: बाळा, फार आवडला तुझा प्रश्न, हाच प्रश्न आहे जो कळला की अख्खा देश कळतो. आधी अ‍ॅटलास उघड. ठाण्यावर बोट ठेव आणि नाकासमोर उत्तरेला सरकव, राजस्थान, पंजाब, काश्मीर, हिंदुकुश, पामीर असं करत बोट जवळपास बरोब्बर ओश शहरावर पोचेल, दोघांचं रेखावृत्त ७३ अंशांच्या आसपासच आहे. अंतर अडीच हजार किलोमीटरच्याही आत. पण मधे जे डोंगर आलेत ते जगातले सगळ्यात उंच आहेत आणि आपल्या मान्सूनची वाफ त्यांच्या अलीकडेच संपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, घरी मोठ्यांना विचार त्या दिवसाबद्दल. बिश्केकला अख्ख्या वर्षात पडतो साधारण ४५० मिमी.

मग तिकडची वाफ येते पश्चिमेकडून. अटलांटिक, भूमध्य समुद्र, कॅस्पियन असं ओलांडत पश्चिमी वारे येतात, हजारो किलोमीटर जमिनीवरून येताना बरीच वाफ वाटेतच सांडून येतात, म्हणून जे पोचतं ते थोडं असतं. हिवाळ्यात सायबेरियावर थंड जड हवेचा जास्त दाबाचा पट्टा बसतो आणि तो या वाऱ्यांना फारसं आत येऊ देत नाही, तो मार्चनंतर ढिला पडला की एप्रिल-मे मध्ये बिश्केकला सगळ्यात जास्त पाऊस होतो. आपल्या अगदी उलट बघ, आपल्याकडे जून-जुलैत धो धो आणि तिकडे जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे, वर कधी कधी ३५-४० अंश ऊन.

आता डोंगरांचं काम. सह्याद्री तुला माहितीये, महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिमीच्या पुढे पाऊस आणि तिथून थोडं पूर्वेला माणदेशात ५०० च्या आसपास. किर्गिझस्तानात असे सह्याद्री एकामागे एक उभे आहेत, तियान शानच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेची एक बाजू ओली, एक बाजू कोरडी. फरगाना रांगेच्या नैऋत्य उतारावर वारे थेट आदळतात, तिथे १००० मिमीच्या आसपास पाऊस होतो आणि म्हणूनच अर्सलानबोबला अक्रोडाचं प्रचंड मोठं नैसर्गिक जंगल आहे. ती रांग ओलांडून पूर्वेला आतल्या दऱ्यांमध्ये गेलं की नुसतं पिवळं गवत आणि दगड.

सगळ्यात सुंदर उदाहरण इसिक-कुल सरोवराचं. १८० किलोमीटर लांब, ६६८ मीटर खोल, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १६०७ मीटरवर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्या जवळपास पोचतं हे पाणी! पश्चिमेच्या टोकाला बालिकची गाव आहे, तिथे वर्षाला १००-१२५ मिमी पाऊस, अक्षरशः वाळवंट. पूर्वेच्या टोकाला काराकोल, तिथे ४०० च्या पुढे, हिरवीगार शेतं आणि सफरचंदाच्या बागा. एकच सरोवर आणि इतका फरक, कारण वारा पश्चिमेकडून डोंगर उतरून कोरडा होऊन येतो, सरोवरावरून जाताना वाफ उचलतो आणि पलीकडच्या डोंगराला धडकून ती तिथे सांडतो. आणि हे पाणी हिवाळ्यात गोठत नाही, चारी बाजूला बर्फ असताना सरोवर मोकळं असतं, कारण ते खूप खोल आहे, उन्हाळाभर साठवलेली उष्णता हळूहळू सोडत राहतं आणि पाणी थोडं खारटही आहे.

आता हिमनद्या. कोरडा म्हणजे पाऊस कमी, शून्य नाही. या देशाचा ९० टक्के भाग १५०० मीटरच्या वर आहे, सरासरी उंचीच २७५० मीटर आणि जेंगिश चोकुसू शिखर ७४३९ मीटर. दर १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून खाली बिश्केकला ३५ अंश असताना ४५०० मीटरवर जेमतेम दहा-बारा अंशच राहतात, आणि ढग आले की तेही जातात, त्यामुळे आतल्या उंच डोंगरांवर जून-जुलैतही बर्फच पडतो. थोडा थोडा पडतो पण वितळण्यापेक्षा साठतो जास्त, शेकडो वर्षं दबत दबत त्याची हिमनदी होते. एनिलचेक हिमनदी तर ६० किलोमीटर लांब आहे. वर्गात कुणी म्हणालं की कोरड्या देशात बर्फ कसा, तर त्याला उंची विचार.

प्रश्न (कळवा, एक वडील): मुलाला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. इथल्या ट्रॅफिक आणि बांधकामाच्या धुळीतून सुटेल, डोंगरातल्या स्वच्छ हवेत बरा होईल म्हणून बिश्केक बघतोय. एजंटही तेच म्हणाला. योग्य आहे ना?

उत्तर: दादा, तुमच्यापासून काही लपवणार नाही. उन्हाळ्यात बिश्केकची हवा बरी असते, पण हिवाळ्यात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बिश्केक जगातल्या सगळ्यात जास्त प्रदूषित हवेच्या शहरांच्या यादीत बरेचदा वर असतं. दम्याच्या मुलाला 'डोंगरातली हवा' म्हणून तिकडे पाठवणं ही मोठी फसगत होईल.

कारण समजून घ्या. शहराचं मोठं हीटिंगचं केंद्र कोळशावर चालतं, आणि शहराच्या कडेने ज्या नवीन वस्त्या झाल्यात तिथे केंद्राचे पाईप पोचलेलेच नाहीत, तिथे घराघरात शेगडीत कोळसा जाळतात, तोही बऱ्याचदा हलक्या प्रतीचा. दक्षिणेला ४८०० मीटरच्या वर गेलेली डोंगराची भिंत. हिवाळ्याच्या रात्री डोंगरावरची थंड जड हवा खाली उतरून दरीत बसते, तिच्यावर तुलनेने गरम हवेचा थर झाकणासारखा येतो आणि खालचा धूर वर जाऊच शकत नाही, वारा नसेल तर दिवसच्या दिवस तसाच. दुपारी शहरातून बाहेर पडून डोंगरातल्या अला-अर्चा उद्यानाच्या रस्त्याला लागलं की गाडी चढता चढता एकदम निळं आकाश येतं आणि मागे वळून बघितलं तर शहर करड्या थराखाली. ४० किलोमीटरचं अंतर, दोन वेगळ्या हवा. त्यात वर सांगितलेला कोरडेपणा, आणि थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात हे दम्याच्या पेशंटला वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी तुमच्या छातीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, 'बिश्केकचा हिवाळा, कोळशाचा धूर, कोरडी थंडी' हे शब्द वापरूनच सांगा, आणि ते काय म्हणतात ते प्रमाण. त्यांनी हो म्हटलं तरच पुढचं: वर्षभराचे इनहेलर कसे मिळणार याची सोय इथूनच लावा, हॉस्टेल कोळशाच्या वस्त्यांपासून लांब, दक्षिणेच्या चढावर मिळतंय का बघा, एन-९५ मास्क द्या, मोबाईलवर रोज हवेचा निर्देशांक बघायची सवय लावा आणि वाईट दिवशी पहाटे धावायला जायचं नाही. खोलीसाठी एअर प्युरिफायर घ्यायला जमलं तर तो खर्च करा. मोकळं होऊन बोलते, दमा जुना आणि जोरात असेल तर मी माझ्या घरच्या मुलाला पाठवलं नसतं. शिकायला दुसरी गावं आहेत.

प्रश्न (ऐरोली, आजी): नातू ओशला आहे. पापड, कुरडया, लोणचं पाठवलं तर टिकेल का? की थंडीने खराब होईल?

उत्तर: आजी, बिनधास्त पाठवा, या कोरड्या हवेत आपला वाळवणाचा कुठलाही पदार्थ इथल्यापेक्षा जास्त टिकतो, पापड सादळत नाही, मेतकूटाला गुठळी धरत नाही, चकली महिनाभर कुरकुरीत राहते. लोणच्याचं तेल आणि तूप थंडीत थिजेल, त्याला खराब झालं समजू नको म्हणावं, रेडिएटरपासून हातभर अंतरावर ठेवलं की मोकळं होतं. पोळ्या मात्र तासाभरात कडक होतात, डबा घट्ट झाकणाचाच द्या. आणि ओश फरगाना खोऱ्याच्या तोंडाशी आहे, तिथे फळं, भाज्या, टोमॅटो, खरबूज उन्हाळ्यात भरपूर मिळतं, तेव्हा नातवाच्या खाण्याची काळजी करू नका.

प्रश्न (नौपाडा, निवृत्त दांपत्य): आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे, लडाख करून झालंय. सोंग-कुल सरोवराकाठी तंबूत राहायची इच्छा आहे. मे महिन्यात नातवंडांना सुट्टी असते तेव्हा जावं असं चाललंय.

उत्तर: काका, काकू, मे मध्ये सोंग-कुल नाही. ते ३०१६ मीटरवर आहे, इसिक-कुलसारखं नाही, पूर्ण गोठतं आणि मे मध्येही बर्फ पूर्ण उठलेला नसतो, वर जायचे रस्ते उघडायला जून उजाडतो. मेंढपाळ आपले कळप आणि युर्ता, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, घेऊन वर चढतात तेच मुळी जूनमध्ये आणि सप्टेंबरात खाली उतरतात, या उन्हाळी कुरणांना ते जायलू म्हणतात. त्यांचं अख्खं वेळापत्रक गवत आणि बर्फ ठरवतं, तुम्हीही तेच वेळापत्रक धरा. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जा. नातवंडांना घेऊन मे मध्येच जायचं असेल तर खालच्या दऱ्या बघा, त्या दिवसांत उतार हिरवेगार आणि फुलांनी भरलेले असतात, फक्त पाऊस पडतो तर रेनकोट हवा.

जुलैतही सोंग-कुलला रात्री शून्याच्या जवळ जातं आणि अचानक बर्फही पडू शकतो. युर्तेत मधे शेगडी असते, तिच्यात वाळलेलं शेण घालतात, पहाटे ती विझते आणि मग खरी थंडी कळते, तेव्हा कानटोपी घालूनच झोपा. दुपारी उलट, ऊन भाजून काढतं, इतक्या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी म्हणून सूर्याचे किरण जास्त लागतात, थंड वाऱ्यामुळे जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक-गाल लाल होऊन सोलतात. टोपी, गॉगल, सनस्क्रीन विसरू नका.

उंचीचं म्हणाल तर लेह त्यापेक्षा उंच, ३५०० मीटरवर, आणि तुम्हाला ते झेपलंय हे चांगलंच आहे, पण तेव्हाचं वय आणि आत्ताचं बीपी-शुगर यात फरक असतो. बिश्केकहून थेट एका दिवसात वर जाऊ नका. एक रात्र वाटेत कोचकोरला किंवा इसिक-कुलकाठी काढा, मग वर जा, पहिल्या दिवशी घोड्यावर बसायची घाई नको. डोकं ठणकत राहिलं, उलटी झाली, धाप थांबेना तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. डॉक्टरांना आधी भेटा, हे आग्रहाने सांगते.

प्रश्न (नेरूळ, इंजिनीयर): किर्गिझस्तानची वीज जवळपास सगळी पाण्यावर आहे असं वाचलं. मग हिवाळ्यात भारनियमनाच्या बातम्या का येतात? हिमनद्या वितळतायत त्याचा संबंध आहे का?

उत्तर: आहे, पण सरळ नाही. विजेचा कणा म्हणजे नारिन नदीवरचं तोकतोगुल धरण, मुळात १२०० मेगावॉटचं. साठा १९.५ घन किलोमीटर, आपल्या हिशोबात जवळपास ६९० टीएमसी, आणि आपलं कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे साडेसहा कोयना एका ठिकाणी. पाणी येतं कधी? बर्फ आणि हिमनद्या वितळतात तेव्हा, मे ते ऑगस्ट. वीज लागते कधी? डिसेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा नद्या आटलेल्या असतात आणि घरोघर इलेक्ट्रिक हीटर चालू असतात. म्हणून हिवाळ्यात साठा उपसावा लागतो आणि कमी बर्फाची दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की पातळी धोक्याच्या खुणेकडे सरकते, मग वीज वाचवा म्हणून सूचना येतात, शेजारच्या देशांकडून वीज घ्यावी लागते. वर हेच पाणी पुढे सिरदर्या नदीत जातं आणि उझबेकिस्तान-कझाकस्तानला ते उन्हाळ्यात कापसाला, शेतीला हवं असतं. वरच्याला हिवाळ्यात सोडायचंय, खालच्याला उन्हाळ्यात हवंय, सोव्हिएत काळात एका केंद्राकडून कोळसा-गॅस देऊन हा हिशोब जुळवला जायचा, १९९१ नंतर तो दरवर्षी नव्याने बोलून जुळवावा लागतो.

हिमनद्या मागे हटतायत हे तियान शानमध्ये सगळीकडे मोजलेलं आहे. सुरुवातीला वितळ वाढते म्हणून नद्यांना पाणी जास्त येतं आणि सगळं ठीक वाटतं, पण बर्फाचा साठा आटत गेला की ते उतरतं, आणि उतरतं ते नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा आकाशातून थेंब पडत नाही आणि शेत तहानलेलं असतं. आपल्याकडे पाऊस चुकला तर त्याच वर्षी कळतं. तिकडे हिमनदी चुकतेय हे कळायला पिढी जाते, आणि मला या देशाबद्दल सगळ्यात जास्त जर कशाची धास्ती वाटत असेल तर ती याची, कारण तिथल्या धरणांचे, कालव्यांचे आणि शेतीचे सगळे हिशोब जुन्या बर्फावर मांडलेले आहेत. तुमच्यासारख्या धरण-विजेच्या क्षेत्रातल्या लोकांनी यात लक्ष घालावं असं फार वाटतं.

राहणाऱ्या मुलांसाठी व्यवहारातलं: पॉवरबँक आणि टॉर्च जवळ असू दे, थंडीत मोबाईलची बॅटरी भराभर उतरते म्हणून फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा.

प्रश्न (वर्तकनगर, एक वडील): मुलगी डिसेंबरात फोनवर म्हणते सकाळी आठ वाजता अंधार असतो. बिश्केक आपल्या फक्त अर्धा तास पुढे आहे ना, मग असं कसं?

उत्तर: ती बरोबर सांगतेय. घड्याळ अर्धा तासच पुढे आहे, पण ते ९० अंश रेखावृत्ताप्रमाणे लावलेलं आहे आणि गाव आहे ७४.६ अंशांवर, म्हणून तिथे सूर्य डोक्यावर यायला दुपारचा एक वाजतो. त्यात ४३ अंश उत्तर अक्षांश, डिसेंबरात दिवस नऊच तासांचा. सूर्य उगवतो सव्वाआठनंतर आणि साडेपाचच्या सुमाराला मावळतो. जूनमध्ये उलट, रात्री साडेआठनंतरही उजेड. पहिल्या हिवाळ्यात या अंधाराने पुष्कळ मुलं मलूल होतात, झोप बिघडते, घरची आठवण जास्त येते, त्याला आळस म्हणून रागावू नका. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास उन्हात चालायला सांगा, डॉक्टरांना विचारून डी जीवनसत्त्व द्या, आणि फोन शक्यतो तिकडच्या संध्याकाळी सहा-सातला करा, म्हणजे आपल्याकडे साडेपाच-साडेसहाला, तेव्हा कॉलेज सुटलेलं असतं आणि बाहेर पूर्ण अंधार पडलेला असतो.